लायसन जातें तें कसें



सांडोरहून पापडीकडे आणि तेथून वसई स्टेशनाकडे निघालेली वाहनें सकाळीं सात-साडेसातच्या सुमारास जरा निरखून पाहिलीं, तर मोटार वाहन कायद्याचीं कित्येक कलमें एकामागून एक मोडतांना दिसतात. लोकल गांठण्याच्या घाईंत असलेल्या गृहस्थांचें हेल्मेट डोक्यावर नसून कोपरांत अडकवलेलें असतें. कॉलेजांत जाणारीं तीन मुलें एकाच स्कूटरवर दाटीवाटीनें बसलेलीं असतात. भाजीच्या टेंपोचा चालक एका हातानें चाक फिरवतो आणि दुसऱ्या हातांतील फोनवर व्यापाऱ्याशीं भाव ठरवतो. रिक्षावाला समोरून, म्हणजे भलत्याच बाजूनें, येतो; कारण वळसा घालावयाचा तर दोन मिनिटें फुकट जातात. यांपैकीं कोणी दुष्ट माणूस नव्हे. आपण नियम मोडीत आहों हेंहि बहुतेकांना ठाऊक असतें. परंतु नियम मोडल्याची किंमत म्हणजे कांहीं रुपये, अशी जी समजूत त्यांच्या मनांत पक्की बसलेली आहे, ती मात्र चुकीची आहे. वर सांगितलेल्या चारी प्रकारांत दंडाबरोबर गाडी हांकण्याचा हक्कहि जाऊं शकतो. आज मला बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या गोष्टीविषयीं.

प्रथम शब्दांचा थोडा घोळ निस्तरला पाहिजे. आपण बोलतांना ‘लायसन’ म्हणतों, लिहितांना ‘परवाना’ लिहितों, आणि सरकारी मराठींत त्याला ‘अनुज्ञप्ति’ असें भारदस्त नांव आहे. परवाना ही सरकारच्या भाषेंत निराळीच वस्तु. रिक्षावाल्यापाशीं तीन गोष्टी असाव्या लागतात. रिक्षा भाड्यानें फिरविण्याचा परवाना, ज्याला तो ‘परमिट’ म्हणतो. स्वतः गाडी हांकण्याची अनुज्ञप्ति. आणि प्रवासी नेण्याची मुभा दर्शविणारा बिल्ला, ज्याला सगळे ‘बॅज’ म्हणतात. परमिट गाडीचें, लायसन माणसाचें. लायसन तीन महिन्यांसाठीं गेलें तरी परमिट तसेंच राहतें. गाडी दुसऱ्या लायसनदाराच्या हातीं देतां येते. पण मालकाला मात्र तेवढे दिवस स्वतःच्याच गाडींत चालकाच्या जागेवर बसतां येत नाहीं. मी या भाषणांत लायसन हाच शब्द वापरणार आहें, कारण सांडोरांत काय किंवा दादरांत काय, ज्याचें जातें तो याच शब्दानें हळहळतो.

अनुज्ञप्ति हा शब्द कानाला जड वाटतो खरा, तरी त्याचा अर्थ विसरण्यासारखा नाहीं. अनुज्ञा म्हणजे संमति. गाडी ही माझी मालमत्ता. ती हांकण्याचा अधिकार ही मालमत्ता नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर एक-दोन टन वजनाचें यंत्र वेगानें नेण्यास समाजानें दिलेली ती संमति आहे, आणि ती सशर्त आहे. १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यांतहि चालकास अपात्र ठरविण्याची तरतूद होती. त्याच्या जागीं आलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आहे आणि २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. म्हणजे संमति काढून घेण्याची कल्पना कांहीं कालची नाहीं. ती वापरण्याचा नेट मात्र अलीकडचा आहे.

ही संमति काढून घेणारा पहिला अधिकारी म्हणजे ती देणारा अधिकारीच. आपल्याकडे ज्या गाड्यांच्या पाटीवर एम. एच. ४८ असें लिहिलेलें असतें त्या गाड्यांचें वसईचें परिवहन कार्यालय आपणां सर्वांना, निदान तेथील रांगेमुळें, परिचित आहे. कायद्याच्या १९ व्या कलमान्वयें लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याला तें ठराविक मुदतीपुरतें स्थगित करतां येतें किंवा अजिबात रद्द करतां येतें. कारणें कलमांतच दिलीं आहेत. चालक अट्टल दारूबाज असणें, व्यसनी असणें, गाडीचा उपयोग दखलपात्र गुन्ह्यासाठीं झालेला असणें, खोटी माहिती देऊन लायसन मिळविलेलें असणें, आणि चालकाच्या पूर्वीच्या वर्तनावरून त्याचें गाडी हांकणें लोकांना धोक्याचें होईल असें दिसून येणें. यांखेरीज एक व्यापक कारण आहे: लोकांस उपद्रव किंवा धोका होईल असें जें जें कृत्य केंद्र सरकार नियमानें ठरवील, तें करणें.

हीं कृत्यें कोणतीं, याची यादी १९८९ च्या केंद्रीय नियमांतील २१ व्या नियमांत आहे. यादी मोठी मनोरंजक आहे. गाडी चोरणें, प्रवाशांवर हात टाकणें, त्यांचें सामान लांबविणें, हे गुन्हे तींत असावेत यांत नवल नाहीं. वेगमर्यादा ओलांडणें, मद्य पिऊन हांकणें, मालगाडींत मर्यादेबाहेर ओझें भरणें, फोनवर बोलणें हेंहि अपेक्षित. परंतु त्याच यादींत प्रवाशांशीं उद्धटपणानें वागणें आहे, सार्वजनिक वाहन हांकतांना धूम्रपान करणें आहे, आणि भाड्याची गाडी जवळच्या वाटेनें न नेणें हेंहि आहे. स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याशीं रोज हुज्जत घालणाऱ्या माझ्या श्रोत्यांना हें ऐकून थोडें समाधान वाटेल. त्यांनीं इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, वेगमर्यादेचा नियम त्याच यादींत आहे, आणि तो रिक्षावाल्याइतकाच त्यांच्या स्वतःच्या मोटारीलाहि लागू आहे.

नियम असा जुना असूनहि कित्येक वर्षें तो बहुतांशीं पुस्तकांतच पडून होता. त्याला हालविलें तें एका शस्त्रवैद्यानें. कोइमतूर येथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन यांनीं २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. रस्त्यावर मोडलेलीं हाडें वर्षानुवर्षें जोडीत बसण्यापेक्षां तीं मोडूंच नयेत यासाठीं राज्यसत्तेनें कांहीं करावें, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्या अर्जावरून २०१४ सालीं न्यायालयानें न्यायमूर्ति के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं रस्ता-सुरक्षा समिति नेमली, आणि त्या समितीनें ऑगस्ट २०१५ मध्यें सर्व राज्यांना कळविलें कीं, सहा प्रकारच्या गुन्ह्यांत चालकाचें लायसन निदान तीन महिन्यांसाठीं निलंबित करावें. भरधाव हांकणें, तांबडा दिवा ओलांडणें, मालवाहू गाडींत जादा माल भरणें, मालवाहू गाडींतून माणसें नेणें, मद्यप्राशन करून हांकणें, आणि हांकतांना फोन वापरणें, हे ते सहा प्रकार.

यांतील चौथा प्रकार आपल्या वसई तालुक्याला विशेष लागू आहे. मालवाहू टेंपो हें आमच्याकडे भाजी, फुलें आणि केळीं नेण्याचें साधन आहे; पण लग्नाच्या दिवशीं त्याच टेंपोंत बँडवाले बसतात, सहलीच्या दिवशीं मुलें बसतात आणि विसर्जनाच्या दिवशीं सारी आळी उभी राहते. यजमानाला तें सोयीचें वाटतें, पाहुण्यांना गंमत वाटते. कोणाला तो गुन्हा वाटत नाहीं, कारण पिढ्यान् पिढ्या बैलगाडींतून असेंच जाण्याची संवय होती. परंतु बैलगाडी कलंडली तर माणसें चिखलांत पडत. चाळीस-पन्नास मैलांच्या वेगानें जाणारा टेंपो कलंडला म्हणजे काय होतें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. आणि पकडलें गेल्यास लायसन जातें तें टेंपोवाल्याचें. आग्रह करून माणसें बसविणाऱ्या यजमानाचें नव्हे. यजमानांनीं एवढा विचार करावयास हरकत नाहीं.

आतां रस्त्यावर प्रत्यक्ष काय घडतें तें पाहूं. कारण गैरसमज सर्वांत अधिक आहेत ते येथें. पोलिसानें गाडी अडविली, लायसन मागितलें आणि ठेवून घेतलें. पुष्कळांची समजूत अशी कीं, लायसन गेलें तें याच क्षणीं आणि याच माणसाच्या लहरीनें. वास्तविक तसें नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०६ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, वेग, धोकादायक हांकणें, मद्यप्राशन, शर्यत, असुरक्षित वाहन वापरणें, दुचाकीवर दोघांहून अधिक बसणें, हेल्मेट नसणें आणि रुग्णवाहिकेस वाट न देणें, या बाबतींत पोलिस अधिकाऱ्यानें लायसन ताब्यांत घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवावें. धोकादायक हांकणें या सदरांत तांबडा दिवा ओलांडणें, हातांत फोन धरणें आणि वाहतुकीच्या उलट दिशेनें जाणें हीं कृत्यें आतां कायद्यानेंच स्पष्ट नांवानिशीं घातलीं आहेत. पोलिसाचें काम पाठविण्याचें. निर्णय करण्याचें काम परिवहन अधिकाऱ्याचें. कलकत्ता उच्च न्यायालयानें २०२२ सालीं एका प्रकरणांत हाच भेद स्पष्ट केला. तेथें वेगाच्या गुन्ह्यासाठीं एका पोलिस अधिकाऱ्यानेंच लायसन नव्वद दिवस निलंबित केलें होतें, आणि असा अधिकार पोलिसांस नाहीं असें न्यायालयानें ठरविलें.

मात्र याच कलमांत एक खांच आहे ती फार थोड्यांच्या लक्षांत आलेली असते. लायसन घेतल्यावर पोलिस पोंच देतो. इतर कारणांनीं जप्त केलेल्या लायसनाची पोंच असली तर तीवर कांहीं दिवस गाडी हांकतां येते. जुन्या चालकांना ही सवलत माहीत असते आणि ते निर्धास्त असतात. परंतु मीं आतांच सांगितलेल्या गुन्ह्यांत दिलेल्या पोंचेवर गाडी हांकतां येत नाहीं. लायसन परत हातीं पडेपर्यंत चाकाला हात लावावयाचा नाहीं, असें कायदा स्पष्ट सांगतो. रोजच्या कमाईवर ज्यांचें पोट आहे अशा माणसाला अंतिम हुकमाच्या आधींच बसणारा हा फटका आहे. येथें माझें वैयक्तिक मत सांगतों. धोकादायक माणसाला ताबडतोब रस्त्यावरून दूर करावें हा हेतु योग्य आहे. पण मग परिवहन कार्यालयानें सुनावणीहि तितक्याच ताबडतोब केली पाहिजे. कार्यालयानें आठवडेच्या आठवडे काढावेत आणि तोंवर चालकानें घरीं बसावें, ही शिक्षा कोणत्याहि कलमांत लिहिलेली नाहीं.

सुनावणी हा शब्द मुद्दाम उच्चारला. १९ वें कलम अधिकाऱ्यावर दोन बंधनें घालतें. चालकास आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिली पाहिजे, आणि लायसन घेण्याचीं कारणें लेखी नमूद केलीं पाहिजेत. हुकमाची प्रत हातीं पडल्यापासून तीस दिवसांच्या आंत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करतां येतें. ज्यांना कागद वाचण्याची संवय आहे ते याचा लाभ घेतात. ज्यांना नाहीं ते नोटीस घडी करून देव्हाऱ्यामागें ठेवतात. घरांत कोणी शिकलेलें असेल तर त्यानें शेजारच्या रिक्षावाल्याची नोटीस वाचून द्यावी. चार ओळींचें सरळ मराठी उत्तरहि पुरतें. गुन्हा घडला नसेल तर तसें लिहावें. घडला असेल तर तो पहिलाच आहे का, प्रसंग काय होता, पूर्वीचें वर्तन कसें होतें, हें लिहावें. लायसन परत मिळण्यापूर्वीं चालकांसाठीं ठेवलेलें उजळणीचें प्रशिक्षण घेण्याची अटहि आतां कायद्यांत आली आहे.

येथवर रिक्षा आणि टेंपो यांविषयीं बोललों म्हणून सुशिक्षित कुटुंबांना हें प्रकरण आपलें नव्हे असें वाटण्याचा संभव आहे. आतां त्यांच्या दारांतील स्कूटरकडे वळतों. २०१९ च्या दुरुस्तीनें हेल्मेटविषयींच्या कलमांत एक वाक्य आलें. जो कोणी हेल्मेटाच्या नियमाविरुद्ध दुचाकी हांकील, हांकवील किंवा हांकूं देईल, त्याला एक हजार रुपये दंड होईल आणि तो तीन महिने लायसन धारण करण्यास अपात्र ठरेल. तिघेजण बसण्याविषयींचें कलम शब्दशः असेंच आहे. ‘हांकूं देईल’ या दोन शब्दांकडे वडील मंडळींनीं लक्ष द्यावें. महाराष्ट्रांत वाढीव दंडांची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पासून सुरू झाली. त्यानंतर मे २०२२ मध्यें मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं जाहीर केलें कीं, मागें बसणाऱ्यानेंहि हेल्मेट घातलें पाहिजे, नाहींतर पांचशें रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित. त्या वेळीं वर्तमानपत्रांतून पांचशें रुपयांवर पुष्कळ चर्चा झाली. तीन महिन्यांवर त्या मानानें थोडी. पुण्यांत तर हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेले आहेत. पुणेकरांच्या स्वातंत्र्यप्रेमाबद्दल मला आदर आहे, परंतु केंद्र सरकारच्या परिवहन खात्याचा आंकडा असा आहे कीं, २०२२ या एका वर्षांत हेल्मेट नसलेलीं ५०,०२९ माणसें या देशांत दुचाकीवर मेलीं. त्यांत मागें बसलेलीं १४,३३७ होतीं. या चौदा हजारांत चाक कोणाच्याहि हातीं नव्हतें. हीं माणसें केवळ विश्वासानें मागें बसलेलीं होतीं. त्याच वर्षीं रस्त्यांवरील एकूण मृत्यु १,६८,४९१. महाराष्ट्रांतील पंधरा हजारांहून अधिक. आणि एकूण मृत्यूंपैकीं शंभरांत एकाहत्तर वेगापायीं.

घरांतील दुसरा प्रश्न अल्पवयीन मुलांचा. दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून गाडीची किल्ली देणारे पालक आमच्या गांवांतहि आहेत, मुंबईंतहि आहेत. १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्यास कल्याणीनगरांत सतरा वर्षांच्या मुलानें हांकलेल्या मोटारीनें एक तरुण आणि एक तरुणी अशा दोन अभियंत्यांचा प्राण घेतला. त्या मुलाला प्रथम तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून सोडलें, याचाच गवगवा फार झाला. परंतु त्याच वेळीं राज्याच्या परिवहन खात्यानें सांगितलेली दुसरी गोष्ट फारशी कोणीं लक्षांत ठेवली नाहीं. ती अशी कीं, त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळणार नाहीं. ही कांहीं त्या एकट्यासाठीं काढलेली तोड नव्हती. १९९-अ या कलमांत ती सर्वांसाठीं आहे: अल्पवयीन मुलानें वाहनाचा गुन्हा केला तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षांपर्यंत शिकाऊ लायसनहि नाहीं. म्हणजे अद्याप न मिळालेलें लायसनहि गमावतां येतें.

न्यायालयाकडून लायसन जाण्याचे प्रकार निराळे आहेत. त्यांतील दोनच सांगतों. मद्यप्राशनाच्या गुन्ह्यांत, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळून दोष शाबीत झाला, तर न्यायाधीशानें चालकास निदान सहा महिने अपात्र ठरविलेंच पाहिजे. तेथें दयेला वाव ठेवलेला नाहीं. दुसरा प्रकार अपघातानंतर पळून जाण्याचा. जखमी माणसाला वैद्यकीय मदत मिळवून देणें आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आंत कळविणें हें चालकाचें कर्तव्य आहे. जमाव अंगावर धांवून आला किंवा तशीच अनिवार अडचण असली तर थांबण्यास सूट आहे, कळविण्यास नाहीं. हें कर्तव्य टाळल्याचें शाबीत झाल्यास निदान एक महिना लायसन जातेंच. कित्येकदां अपघातांत चालकाचा दोष नसतो किंवा थोडाच असतो. पळून गेल्यानें तो स्वतःवर नवा दोष ओढवून घेतो.

आतां या सर्व व्यवस्थेंतील एका उणिवेकडे वळतों. हल्लीं चौकाचौकांत कॅमेरे आले आहेत. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, हांकणाऱ्याचें नांव टिपत नाहीं. म्हणून ई-चलन जातें गाडीच्या मालकाकडे. मालक मोबाइलवरून दंड भरतो आणि प्रकरण मिटतें. गाडी कोण हांकीत होतें हें विचारल्यास मालकानें सांगितलें पाहिजे, असें कायद्यांत आहे. पण दंड जमा झाल्यावर तें विचारण्याची निकड कोणास राहते? उलट ज्याला पोलिस हातानें अडवितो त्याचें लायसन त्याच्या खिशांत असतें आणि तें लगेच ताब्यांत जातें. परिणाम असा होतो कीं, महामार्गावर मोठ्या मोटारींतून ताशी दीडशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या माणसाला दोन हजारांचें बिल येतें, आणि पापडीच्या नाक्यावर हेल्मेटावांचून सांपडलेल्या दूधवाल्याचे तीन महिने जातात. गुन्हा दोघांचाहि आहे. दूधवाल्याची मी वकिली करीत नाहीं. परंतु एकाच्या बाबतींत नियमभंग ही विकत घेण्याची वस्तु होते आणि दुसऱ्याच्या बाबतींत पोटाचा प्रश्न, हें कांहीं कायद्याच्या मनांत नव्हतें.

इतर देशांनीं या अडचणीवर आपापल्या परीनें उपाय शोधले आहेत. फिनलंडांत वेगाचा मोठा दंड माणसाच्या उत्पन्नाच्या मानानें ठरतो. २००२ सालीं तेथील एका बड्या मोबाइल कंपनीच्या संचालकाला मोटारसायकल वेगानें हांकल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला होता. पुढें तो बराच कमी झाला, पण बातमी जगभर गेली. इंग्लंडांत प्रत्येक गुन्ह्याचे गुण लायसनावर चढतात आणि तीन वर्षांत बारा गुण झाले कीं सामान्यतः निदान सहा महिने लायसन जातें. तेथें कॅमेऱ्यानें टिपल्यावर मालकाला प्रथम विचारतात तें हें कीं, गाडी कोण हांकीत होतें. न सांगणें हा स्वतंत्र गुन्हा, आणि त्याचेहि गुण चढतात. आपल्या १९ व्या कलमांत ‘पूर्वीचें वर्तन’ एवढेच शब्द आहेत. वर्तन किती वेळां वाईट असलें म्हणजे पुरें, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. मात्र वर्तनाची नोंद ठेवण्याचें साधन आतां झालें आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें निलंबित व रद्द झालेल्या लायसनांची क्रमवार नोंद सरकारी संकेतस्थळावर ठेवावयाची असते. योगायोग असा कीं, मीरा-भाईंदर, वसई-विरारचें स्वतंत्र पोलिस आयुक्तालयहि त्याच दिवशीं सुरू झालें. म्हणजे आमच्या भागापुरतें बोलावयाचें तर यंत्रणा नवी आहे आणि नोंदवहीहि नवी आहे. चालक कोण, हा प्रश्न ई-चलनाबरोबर नेमानें विचारला गेला, तर दूधवाला आणि मोटारवाला एकाच नोंदवहींत येतील.

या नोंदवहीमुळें एक जुनी युक्ति मात्र निकामी झाली आहे. पूर्वीं एका जिल्ह्यांत लायसन अडकलें कीं लोक दुसऱ्या जिल्ह्यांत जाऊन नवें काढीत. आतां सर्व देशाची माहिती एके ठिकाणीं आहे. आणि अपात्र असतांना गाडी हांकली, किंवा जुनी गोष्ट लपवून नवें लायसन मागितलें, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लपवाछपवीनें मिळालेलें लायसन मुळांतच निरर्थक. याहून मोठी जोखीम विम्याची आहे. अपात्र चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्याचें कारण मिळतें. मालकानें जाणूनबुजून किंवा हयगयीनें अशा माणसाच्या हातीं गाडी दिली असें ठरलें, तर कंपनी पीडिताच्या कुटुंबाला पैसे देते आणि ते मालकाकडून वसूल करूं शकते. मृत्यूच्या प्रकरणांत ही रक्कम लाखांत असते. ‘तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, कोण पाहतो’ असें म्हणून मुलाला स्कूटरची किल्ली देणाऱ्या घरानें राहत्या घरावर बोजा चढविण्याची तयारी ठेवावी.

जातां जातां एक व्यावहारिक गोष्ट. सुनावणीची नोटीस लायसनावर जो पत्ता असेल त्या पत्त्यावर जाते. आमच्या सांडोरांतून कित्येक कुटुंबें माणिकपूर, विरार, नालासोपारा येथील नव्या इमारतींत राहावयास गेलीं, कांहीं परदेशीं गेलीं. लायसनावर पत्ता मात्र आजोबांच्या घराचाच आहे. नोटीस तेथें येते, घराला कुलूप असतें, पोस्टमन परत जातो, आणि अधिकारी चालकाच्या गैरहजेरींत हुकूम करतो. पुढें एखाद्या नाक्यावर पोलिसानें यंत्रांत क्रमांक घातल्यावर त्या माणसाला प्रथमच कळतें कीं, आपण दोन महिने अपात्र आहों. पत्ता बदलण्याचा अर्ज आतां घरबसल्या करतां येतो. तो आजच संध्याकाळीं, हें भाषण संपल्यावर करावा, अशी माझी विनंती आहे.